तांबडीची पाठवणी

पर्स उघडली की माझा हात पैशांच्या आधी एका चपट्या स्टीलच्या डबीकडे जातो. डबी जागेवर आहे ना, हे मी दिवसातून किती वेळा चाचपते ते माझं मलाच माहीत. भोरला ज्या वकिलांकडे मी टायपिंग करते, त्यांना बहुतेक वाटतं की मला मशेरीची सवय आहे. वाटू दे. डबीत औषधाच्या दोन काचेच्या कुप्या आहेत, दोन सिरिंज आहेत आणि थोडा कापूस आहे.

गेल्या वर्षी भाताच्या लावणीला आम्ही पासलीला, नवऱ्याच्या गावी गेलो होतो. बांधावरच्या घाणेरीच्या झुडपात गांधीलमाश्यांचं पोळं होतं. त्यातली एक माशी नवऱ्याच्या मानेला चावली. एकच. गावात माशी चावली की चुना लावायचा आणि पुन्हा चिखलात उतरायचं, अशी रीत. त्यानंही चुना लावला. मग त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आणि माझ्याकडे बघून तो काहीतरी बोलायला गेला तर घशातून नुसती शिट्टी निघाली. शेजाऱ्यांच्या टेम्पोत घालून वेल्ह्याला नेला तेव्हा त्याची नखं काळीनिळी पडली होती. डॉक्टरांनी वाचवला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही." आणि इंजेक्शन कसं द्यायचं ते मला शिकवलं. घरी येऊन मी मोसंब्यांना सुया टोचत बसले. ती मोसंबी कुणी खाल्ली नाहीत.

मी मुळातली घाबरट नाही. माहेरी, आंबवड्याला, देवळाच्या आवारात मुलांची डोकी फोडून मोठी झालेली बाई आहे मी. पण त्या दिवसापासून माझं धाबं जे दणाणलं ते दणाणलंच. त्याने फोन उचलायला जरा उशीर केला की मी दहादा लावते. रस्त्यात हारवाला दिसला की फुलांवरच्या माश्यांच्या भीतीने मी नवऱ्याला पलीकडच्या बाजूने चालवते. तो हसतो. त्याच्या मानेला, त्याच्या श्वासाला घाबरायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं आहे आणि स्वतः मोकळा झाला आहे, याचा मला फार राग येतो.

अशात या वर्षी दिवाळी झाल्यावर माझी धाकटी नणंद बाळंतपणासाठी पासलीला आली. तिचं सासर नसरापूरचं. तिची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, दुसरं तर अगदी सातव्या महिन्यात. बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागतं. समोरून कुत्रं आलं तर रस्ता बदलणारी, चार माणसं जमली की दाराआड उभी राहणारी. रोज सकाळी आंघोळ झाली की आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. सासूबाई म्हणायच्या, "जप करतीया, हाका मारू नका."

सासरे गेल्यापासून सासूबाई तिथं एकट्याच. दोन बैल, एक गाय, शेळ्या, आणि कुरकुरणारा गुडघा. त्यामुळे दर शनिवारी नवरा पासलीला जायचा, आणि तो जायचा म्हणून मीही जायचे, पर्समध्ये डबी घेऊन. बहीण आल्यावर तर त्याला अडवायची सोयच उरली नाही. पहिल्याच शनिवारी मी गोठ्याकडे गेले आणि दाराच्या वरच्या वाशाला बघितलं तर तळहाताएवढं पोळं. करड्या कागदाचं, उलट्या छत्रीसारखं, आणि त्यावर दहा-बारा गांधीलमाश्या.

मी तशीच मागे फिरले. "आत्या, हे आजच्या आज काढायचं," मी सासूबाईंना म्हणाले.

"आत्ता कसं काढायचं?" त्या म्हणाल्या. "पोटुशी पोर हाय घरात."

त्या घराची रीत अशी की घरात गरोदर बाई असेपर्यंत कुणाचंही घर मोडायचं नाही. चिमणीचं नाही, मुंग्यांचं वारूळ नाही, कोळ्याचं जाळंसुद्धा झाडायचं नाही. नणंद आल्यापासून कोपऱ्याकोपऱ्यात जाळी लोंबायला लागली होती आणि एरवी झाडूशिवाय श्वास न घेणाऱ्या सासूबाई त्यांच्याखालून वाकून चालत होत्या.

"आणि तुमचा मुलगा? त्याला चावली तर?"

 त्या नुसत्या पदराने तोंड पुसत राहिल्या. नणंदच दाराआडून म्हणाली, "वैनी, म्या काय लई देवभोळी न्हाई. पन आता कशालाच हात लावायचं धाडस व्हत न्हाई. मागच्या टायमाला लोकं काय काय बोलली ते तुमाला ठावं न्हाई. तेवढं राहू द्या."

"मोडायचं नाही," नवरा म्हणाला. "मी गोठ्याकडे फिरकणार नाही. झालं?"

झालं कसं? हा माणूस शेळी ओरडली तरी हातातला घास ठेवून उठतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहिणीच्या पोटातल्या जिवाची काळजी सगळ्यांना होती, माझ्या कुंकवाची फक्त मला. असं मी तिथं बोललेही, चांगलं मोठ्यानं, आणि नणंदेने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मी गोठ्यासमोर उखळीवर जाऊन बसले. मोडता येत नसेल तर निदान नजर तरी ठेवावी, म्हणून. मला माशी चावली तर नुसतं सुजतं, तेव्हा स्वतःची भीती नव्हती. आधी सगळ्या सारख्याच दिसल्या. बारीक कंबर, तपकिरी अंग, पिवळा पट्टा. पण मी जरा हलले की पोळ्यावर काय होतं ते बघत गेले तेव्हा लक्षात आलं की सगळ्या एकदम काही उठत नाहीत. एकच उठते. बाकीच्या पंख उभारून बघतात, एकदोन तर तेवढीही तसदी घेत नाहीत. मग माझ्या मनात आलं, उठणारी दर वेळी तीच असते की कुणीही?

हे कळून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. पासलीला थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी त्या माश्या गारठून पोळ्याला चिकटून बसतात, ऊन येईपर्यंत हलत नाहीत. फडताळात बेंदराला बैलांच्या शिंगांना लावलेल्या रंगाच्या डब्या पडल्या होत्या. पुढच्या रविवारी मी स्टुलावर चढले आणि काडीच्या टोकाने एकेकीच्या पाठीवर ठिपका ठेवला. तांबडा, पिवळा, निळा, पांढरा. रंग चारच, त्यामुळे पुढच्या काहींना दोन-दोन ठिपके. एकीने बोटाला डंख मारलाच. सासूबाई खालून स्टूल धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "शेळ्यांचे कान रंगवत्यात तसं चाललंय सूनबाईचं."

मग दर शनिवार-रविवार मी बघत राहिले आणि खरंच, एकेक बाई वेगळी निघाली. उठणारी दर वेळी तांबडीच. मी काठी उचलली की ती थेट तोंडावर यायची, गाय आली तरी तिच्या शिंगाभोवती घिरट्या घालायची. पिवळी कामसू. कुंपणाचं लाकूड कुरतडायची, लगदा आणायची, चिकटवायची आणि पुन्हा जायची. जगात काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. दोन पांढऱ्या ठिपक्यांवाली नुसती खादाड, दुसरीने अळी आणली की आधी तोंड पुढं करणार. आणि निळी. निळी माझी सावली पडली की पोळ्याच्या मागच्या बाजूला सरकायची आणि मी उठून जाईपर्यंत तिथून नुसत्या मिशा दिसायच्या.

"निळी म्हणजे तुमची बहीण," मी नवऱ्याला म्हणाले.

"आणि तांबडी कोण ते मी सांगायला नको," तो म्हणाला.

हसू आलं, पण माझ्या डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं. धोका पोळ्याचा नाहीच, एकट्या तांबडीचा आहे. घर मोडायचं नाही हे ठीक, पण तिला एकटीला हलवलं तर? मी सासूबाईंना विचारलं.  "मारायची न्हाई," त्या म्हणाल्या. "जित्ती नेऊन लांब सोडली तर चालंल. बाई सासरी जाती तशी. तिची पाठवणी करू."

मी तेव्हा हसले, पण त्यांनी ती खरोखर केली. गारठलेल्या तांबडीला मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घेतलं, तोंडाला फडकं बांधलं, आणि सासूबाईंनी बरणीला हळदीकुंकू लावून आत साखरेचा दाणा टाकला. नणंद दाराआडून बघत होती. "नीट जा गं," ती बरणीला म्हणाली.

नवऱ्याच्या मोटारसायकलवर ती बरणी घेऊन बसण्याचा प्रश्नच नव्हता. तो पुढे गेला आणि मी एसटीने. बरणी मांडीवर, फडक्यावर दोन्ही हात. उन्हाची तिरीप आली तशी तांबडी जागी झाली आणि काचेवर धडका मारायला लागली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मध हाय व्हय?" मी हो म्हणाले. नसरापूरच्या अलीकडे ओढ्यापाशी उतरून मी फडकं सोडलं. तांबडी बाहेर आली, माझ्या डोक्याभोवती एक फेरी मारली आणि करंजाच्या झाडात दिसेनाशी झाली. तिथून दुसऱ्या गाडीची वाट बघताना मला कितीतरी महिन्यांनी भूक लागली. फाट्यावर मी दोन प्लेट मिसळ खाल्ली.

आठवडाभर सासूबाईंना रोज फोन करून मी विचारत होते. "शांत हायती," त्या सांगायच्या. "मला तर काय करत न्हाईत." त्यांना कधीच काही करत नव्हत्या, तांबडीसुद्धा नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण माणसाला ऐकायचं असतं तेवढंच ऐकू येतं.

पुढच्या रविवारी दुपारी एक शेळी व्यायला लागली आणि अडली. सासूबाईंना गुडघ्यामुळे खाली बसता येईना. नवरा अंगणात उभा राहून माझ्याकडे बघायला लागला. एरवी मी त्याचा हात धरून ठेवला असता. त्या दिवशी मी फक्त पोळ्याकडे एकदा नजर टाकली आणि बाजूला झाले. तो आत गेला.

करडू बाहेर आलं तेही मी ऐकलं. मग तो हात धुवायला म्हणून दारातून बाहेर आला आणि ओरडला. डंख कानामागे. मी वर बघितलं तर एकच माशी दाराच्या चौकटीत गोल गोल फिरत होती आणि तिच्या पाठीवर निळा ठिपका होता.

मला आजही ते पटत नाही. जी माझी सावली बघून मागे लपायची, तिच्यात ही आग कुठून आली? की होतीच, आणि पुढे तांबडी होती म्हणून तिला कधी उठावं लागलं नाही? पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की नवरा ओट्यावर बसला आहे आणि त्याच्या मानेवर गांधी उठायला लागल्या आहेत.

डबी काढली. मोसंब्यांवर इतक्यांदा केलं होतं, तरी घोटाळा झालाच. पहिली कुपी फोडताना बोटांतच चुरली. औषध माझ्या रक्तात मिसळून ओट्यावर सांडलं. दुसरी कुपी हातात घेतली आणि मला ती फोडताच येईना. हीही फुटली तर? नवऱ्याच्या घशातून तीच शिट्टी यायला लागली होती. सासूबाई देवाला हाका मारत होत्या. मी नुसती कुपी मुठीत आवळून बसले होते.

"वैनी, आणा हिकडं."

नणंद पोट सांभाळत माझ्याशेजारी गुडघ्यावर बसली होती. माझी मूठ तिने एकेक बोट करून सोडवली. कुपीच्या मानेला पदर गुंडाळून टचकन फोडली, सिरिंज भरली, उभी धरून टिचकी मारली, हवा काढली. "कितीपत्तर?" एवढंच विचारलं. मी रेघ दाखवली. तिने भावाच्या मांडीला बाहेरच्या बाजूने, पँटीवरूनच, सरळ सुई घातली आणि शांतपणे दाबत नेली. हात तसूभरही हलला नाही. "टेम्पो बोलवा," ती आईला म्हणाली, आणि तिचा आवाज मला पहिल्यांदाच एका खेपेत ऐकू आला.

टेम्पोत ती मागे आमच्याबरोबर बसली. नको म्हणालो तरी ऐकलं नाही. भावाचं डोकं तिच्या मांडीवर, एक हात त्याच्या छातीवर, दुसरा स्वतःच्या पोटावर. वेल्ह्याच्या अलीकडे त्याचा श्वास जरा मोकळा झाल्यावर मी विचारलं, "तू हे कुठं शिकलीस?"

"रोज घेते की," ती म्हणाली. "पोटात. रक्त गोठू नये म्हणून डागदरानं दिल्यात. पहिल्या महिन्यापासनं." मग म्हणाली, "आईला सांगू नका. सुई बाळाला लागंल म्हनून ती रडून जीव दील."

म्हणजे दार लावून जप नव्हता. मी त्याच घरात उखळीवर बसून माश्यांच्या मिशा बघत होते, आणि भिंतीच्या पलीकडे ही पोर रोज एकटी बसून भरल्या पोटात सुई घालत होती. मला तिच्याकडे बघवेना.

दवाखान्यात त्याला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. धोका टळला असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. नणंद शेजारी उभी होती. रडली नाही. माझं आवरल्यावर म्हणाली, "वैनी, जाऊन पोळं मोडून टाका. मीच सांगतीया. कुणी काय म्हननार न्हाई."

माझा भाऊ येऊन नवऱ्याला भोरला घेऊन गेला. मी नणंदेबरोबर पासलीला परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यासमोर उभी होते. काठीला चिंध्या गुंडाळलेल्या, रॉकेलमध्ये भिजवलेल्या, एका हातात काडेपेटी. सासूबाई "मला न्हाई बघवायचं" म्हणून मागच्या वावरात निघून गेल्या. आतल्या खोलीचं दार बंद होतं. ऊन अजून पोळ्यापर्यंत आलं नव्हतं. निळी आता मागे नव्हती, पोळ्याच्या काठावर, तांबडी बसायची तिथं बसली होती. मला तिचा असा संताप आला होता की दात एकमेकांवर घासले जात होते.

काडी ओढली. आणि मग वाटलं, समजा पेटवलं. समजा उद्या, परवा, या पोरीच्या पोटाचं काही झालं. मी शिकलेली बाई आहे, या दोन गोष्टींचा संबंध नाही हे मी शंभर जणांना पटवून सांगेन. पण ती मला काही म्हणणार नाही. ती दाराआड जाईल आणि जन्मभर मनात म्हणत राहील की मीच सांगितलं होतं मोडायला. काडी बोटाला चटका देऊन विझली. मी काठी बादलीत बुडवून ठेवली.

आतल्या खोलीचं दार लोटलं. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, कानांवर हात ठेवून.

"मोडलं?"

"नाही."

तिने कानांवरचे हात काढले. "का वो?"

"तुझं सुखरूप होईपर्यंत तो इकडं यायचा नाही. मी रजा टाकते. गुरंढोरं मी बघेन. मला चावली तर नुसतं सुजतं."

  मी वर्षभर गावभर, फोनवर, ऑफिसात, रस्त्यात जे सगळ्यांना ओरडून सांगत आले होते, ते तिने तेव्हा पहिल्यांदा उच्चारलं, तेही इतकं हळू की मला वाकून ऐकावं लागलं.

"मला लई भ्या वाटतंय, वैनी."

"मलापण," मी म्हणाले, आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले.